सोडलेली पट्टी

"माझी पट्टी कोणी सोडली?"

शिवदास उंबऱ्यातच उभा होता. खांद्यावर सत्काराची शाल, एका हातात नारळ, आणि नजर ओट्यावर.

ओट्यावर पट्टी होती. नीट गुंडाळलेली. पण ती गुंडाळी त्याच्या हातची नव्हती.

हिरापुरी बाबा कोपऱ्यात सहाणेवर आंबेहळद उगाळत बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी," ते म्हणाले.

शिवदासला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. तो आत आला. नारळ कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, म्हणून तो हातातच राहिला.

खिंडीखालच्या या मठात हाडं-सांधे बघायची रीत चार पिढ्यांची. लिहून ठेवलेलं काहीच नाही. पण एक गोष्ट अंगण झाडणाऱ्यालाही ठाऊक होती. ज्याने पट्टी बांधली, त्यानेच ती सोडायची. तो आजारी असेल तर रोगी थांबतो, गावाला गेला असेल तर वाट पाहतो. दुसऱ्याची पट्टी सोडणं म्हणजे त्याला काही कळत नाही असं चारचौघांत सांगणं. बाबांनी शिकवणीच्या नऊ वर्षांत शिवदासची एकही पट्टी सोडली नव्हती. सुरुवातीच्या केविलवाण्या पट्ट्यासुद्धा नाहीत. त्या वेळी ते त्याला हाक मारायचे आणि त्याच्याकडूनच सोडवून घ्यायचे.

आता तर त्याच्या पट्टीचं पंचक्रोशीत नाव होतं. घोट्याभोवती तो असे पदर टाकायचा की गव्हाच्या ओंबीसारखी वीण उमटायची. पाय बरा झाला तरी लोक ती दोन दिवस तशीच ठेवत, शेजारपाजारी दाखवायला. गेल्या वर्षभरात आपण एकही रोगी जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवला नाही, हे शिवदास सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्याच्या हाताला गुण होता, हे काही खोटं नव्हे. अडचण एवढीच की ते त्याला जरा लवकर कळलं होतं.

दोन दिवस तो कबड्डीच्या सामन्यांना गेला होता, खेळाडूंचे निखळलेले सांधे बसवायला. तिथे त्याला व्यासपीठावर बसवलं, शाल दिली, दोन शब्द बोलायला लावले. तो पाच मिनिटं बोलला. पहाटेच्या दुधाच्या गाडीने परत येताना त्याला सारखं वाटत होतं की बाबांना हे सगळं कसं सांगावं. आणि दारातच ही पट्टी.

"कुणाची आहे?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती. आपली वीण आपल्याला कळते.

बाबांनी मानेनेच पडवीकडे दाखवलं.

पडवीत अलका डवरी बसली होती. हातात चहाची बशी, उजवा पाय लांब पसरलेला, घोटा उघडा. तिने शिवदासला पाहून नमस्कार केला. त्याने केला न केल्यासारखा केला.

अलका एसटीत कंडक्टर. चौदा वर्षं ती खिंडीच्या गाडीवर उभी होती. अकरा दिवसांपूर्वी घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली. शिटी मारायला ती घाईघाईने उतरली, चर ओलांडायला पायाचा रेटा दिला, तोच टाचेच्या वर मागून धोंडा बसला. फट्‌ करून आवाजही झाला. तिने वळून पाहिलं तर एक म्हातारा शेंगा खात उभा. तिने त्याला तिथल्या तिथे असा काही झापला की बिचाऱ्याच्या हातातल्या शेंगा सांडल्या. धोंडा मात्र कुठेच दिसला नाही.

हे सगळं तिने त्या दिवशी शिवदासला जसंच्या तसं सांगितलं होतं. गुरुवार होता, ओटा माणसांनी भरलेला. शिवदास हसला होता. आपण आधी धोंडा शोधू, मग पाय बघू, असंही काहीतरी म्हणाला होता आणि लोकही हसले होते. मग त्याने तिला चौरंगावर बसवलं, पाय हलवून दाखवा म्हणाला. तिने ओठ चावून पंजा खाली-वर केला. झालं. मुरगळ. लेप, पट्टी, एकवीस दिवस.

आठ दिवस ती घरी बसली. नवव्या दिवशी कामावर गेली, तर गाडीची पायरी चढवेना. पाय जमिनीवर टेकत होता, पण टाच उचलून अंग वर रेटायला गेलं की खाली काही नसल्यासारखं होई. दोन दिवस ओढत काढले. काल संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने ती मठात उतरली. बाबांनी पट्टी सोडली, पाय पाहिला, आणि तिला एवढंच सांगितलं की सकाळपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही. ज्याने बांधली तोच येऊन सांगेल.

हे सगळं शिवदासला पुढच्या पाच मिनिटांत कळलं, अर्धं बाबांकडून आणि अर्धं तिच्याकडून. ऐकताना तो एका जागी थांबला नाही. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून सहाणेपर्यंत. नारळ एकदाचा कोनाड्यात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"एकवीस दिवस सांगितले होते," तो म्हणाला. "अकरा झालेत. अकराव्या दिवशी पट्टी सोडली तर बरं कसं वाटेल?"

बाबा उगाळत राहिले.

"तुम्ही काय पाहिलंत, ते तरी सांगा."

"तूच बघ."

"मी पाहिलंय, बाबा."

…

बाबांनी सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि तेच शिवदासला झोंबलं. भांडायला समोर कुणीतरी लागतं. बाबा समोर असूनही नव्हते.

त्याने अलकाला आत बोलावलं. ती भिंतीला धरत, उजवा पाय सपाट टेकवत आली. त्याने तिला चौरंगावर बसवलं, तसंच, त्या दिवशी बसवलं होतं तसं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला, कारण राग तिच्यावर नव्हता.

"ताई, पंजा खाली दाबा. गाडीचा ब्रेक दाबतात तसा."

अलकाने बाबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. श्वास धरला आणि पंजा दाबला. तो खाली गेला. फार नाही, पण गेला. तिच्या पायाची बोटं आत वळली होती आणि कपाळावर घाम आला होता. शिवदासने फक्त पंजा पाहिला.

"बघा," तो बाबांना म्हणाला. "टाचेमागची शीर तुटलीय असंच वाटलं ना तुम्हाला? तुटली असती तर हे झालं असतं?"

"झालं की," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतोय."

 अलका दोघांकडे आळीपाळीने बघत होती. कुणाची बाजू घ्यावी ते तिला कळत नव्हतं, आणि पाय तिचा होता.

बाबांनी सहाण बाजूला सारली. हात धुतले, धोतराला पुसले आणि सावकाश उठले. वय ब्याऐंशी, त्यामुळे सगळंच सावकाश. ओट्यापाशी येऊन त्यांनी ती गुंडाळलेली पट्टी उचलून कोनाड्यात नारळाशेजारी ठेवली.

"निज इथे," ते म्हणाले. "पालथा."

"कोण? मी?"

"तू."

शिवदासने अंगणाकडे पाहिलं. फाटकाशी तीनचार माणसं येऊन बसली होती. मठात ओट्यावर निजायचं ते रोग्याने. त्याने नऊ वर्षांत तिथे पाठ टेकली नव्हती. आणि आज तर अंगावर सत्काराची शाल होती.

"माझ्या पायाला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच."

तो निजला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शाल घडी करून उशाला घेतली, बाबांनी ती काढून घेतली. मग त्यांनी त्याला घोट्याला धरून खाली ओढलं, दोन्ही पावलं ओट्याच्या कडेबाहेर लोंबतील इतकं.

"सैल सोड."

"सोडलाय."

बाबांनी त्याच्या पोटरीवर हात ठेवला. पोटरी लाकडासारखी होती. त्यांनी दाबली. पंजा झटकन खाली गेला.

"हे तू केलंस," बाबा म्हणाले आणि हात काढला.

 खरं होतं. बाबांना काय पाहायचंय ते ओळखून त्याने आधीच पंजा दाबला होता. नऊ वर्षांची सवय, बाबांनी मागायच्या आत हातात द्यायची.

दुसऱ्या खेपेला त्याने ठरवलं, काही झालं तरी हलवायचा नाही. बाबांनी पोटरी दाबली. पंजा जागचा ढळला नाही.

"हेही तूच केलंस."

…

आता मात्र त्याची पंचाईत झाली. हलवावा तर तो आपणच हलवलेला, न हलवावा तर तोही आपणच धरून ठेवलेला. पायाचं करायचं तरी काय? त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांत व्यासपीठ आलं, पाच मिनिटांचं भाषण आलं, त्यात सांगितलेला वर्षभरातला एकही रोगी न पाठवल्याचा आकडा आला. फाटकाशी कुणीतरी खोकलं. ती माणसं काय म्हणत असतील? साडेनऊची गाडी वेळेवर असेल का? नाक खाजत होतं. बाबांचा हात पोटरीवर नुसता ठेवलेला होता, दाबत नव्हता, उचलतही नव्हता. बाबांना जणू आज दुसरं कामच नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिवदासला वाटलं अर्धा तास. दोन-चार मिनिटं असतील.

त्याने डोळे उघडले. गाल थंड दगडावर, त्यामुळे जग आडवं दिसत होतं. समोर हातभर अंतरावर चौरंगाचे पाय होते, आणि अलकाचे. उजव्या घोट्यावर त्याच्या पट्टीची वीण अजून लेपाच्या डागांत उमटलेली होती. पदरावर पदर, रेखीव. त्या विणीखाली टाचेमागे, जिथे ताठ दोरीसारखी शीर असायला हवी, तिथे सकाळचं ऊन एका खळग्यात साठलं होतं. डाव्या पायाला तसा खळगा नव्हता.

पहिल्या दिवशी तिथे सूज होती. सूज बघून त्याने तिच्यावर लेप लावला होता.

तो बघत राहिला. त्या पायाला हात लावायचा नव्हता, त्याला काही सांगायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. बघता बघता स्वतःचे पाय आपल्याला आहेत हे तो विसरला.

तेव्हा बाबांनी पोटरी दाबली.

पंजा हळूच खाली गेला, आणि बाबांनी बोटं सैल करताच वर आला. पुन्हा दाबली, पुन्हा गेला. शिवदासला ते कळलं ते दुसऱ्या कुणाचं तरी कळावं तसं.

"मी नाही हलवला," तो म्हणाला.

"नाही."

"मग…"

बाबांनी तिसऱ्यांदा दाबली. पंजा तिसऱ्यांदा खाली गेला.

"मग कोणी?" बाबांनी विचारलं.

…

शिवदास उठून बसला.  हे कोडं नव्हतंच; कसायाच्या दुकानापुढे बसलेल्या मांजरालाही कळेल इतकं ते साधं होतं. पोटरी दाबली की शीर ओढली जाते, शीर टाचेला ओढते, पंजा खाली जातो. मधे माणूस लागतच नाही. आणि माणसाला हलव म्हटलं तर तो हलवणारच, आजूबाजूच्या बारीक शिरा आहेत, बोटं आहेत, शिवाय भीड आहे. समोर बसलेल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक बरंच काही हलवून दाखवतात. त्याने त्या दिवशी पायाला काही विचारलंच नव्हतं. अलकाला विचारलं होतं, आणि ती भली बाई होती.

"ताई," तो म्हणाला, "इथे पालथ्या निजता का?"

त्याने तिला आधार देऊन ओट्यावर घेतलं. बाबा बाजूला झाले. शिवदासने पावलं कडेबाहेर आणली आणि दोन पावलं मागे सरून आधी नुसता उभा राहिला. डावं पाऊल जरा खाली झुकून लोंबत होतं, झोपलेल्या माणसाचं लोंबतं तसं. उजवं सरळ लोंबत होतं. कुणी त्याला मागून धरलेलंच नव्हतं. हात न लावता दिसण्यासारखं होतं हे. आंधळ्यालाही दिसलं असतं म्हणावं, तर आंधळ्याने निदान चाचपून तरी पाहिलं असतं.

त्याने डावी पोटरी दाबली. डावा पंजा खाली गेला.

उजवी दाबली.

…

पुन्हा दाबली. थोडी वर धरून, थोडी खाली धरून. पंजा तसाच. पोटरी त्याच्या मुठीत होती आणि पाऊल जणू दुसऱ्या गावाला होतं. त्याने टाचेमागून बोट वर नेलं. टाचेपासून चार बोटांवर शीर संपली आणि बोट मऊ खळग्यात बुडालं, मग पुढे शीर पुन्हा लागली.

"हलला का?" अलकाने विचारलं. तिचं तोंड दगडाकडे होतं, तिला काहीच दिसत नव्हतं. "मी काही करत न्हाई बरं का. तुम्ही सैल सोडा म्हणालात म्हणून सोडलाय. हलला न्हवं?"

शिवदासने बाबांकडे पाहिलं. त्याला मनापासून वाटलं, बाबांनी सांगावं. बाबांच्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल, अशी त्याने स्वतःची समजूतही घातली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नाही हलला," शिवदास म्हणाला.

अलकाने मान वळवून मागे पाहिलं. मग हातावर रेटा देऊन वळली, उठून बसली, आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"टाचेमागची शीर तुटली आहे, ताई. त्याच दिवशी तुटली, मागून धोंडा बसल्यासारखं वाटलं तेव्हा. मी मुरगळ म्हणालो. चुकलो मी."

"मी तुम्हाला सांगितलं हुतं. मागनं धोंडा बसला म्हणून."

"सांगितलं होतं."

"तुम्ही हसला हुता."

"हसलो होतो."

फाटकाशी बसलेली माणसं आत बघत होती. शिवदासला ती दिसत होती आणि दिसत नव्हती. त्याला आता फक्त एवढंच वाटत होतं की तिने ओरडावं, त्या शेंगावाल्या म्हाताऱ्याला झापलं तसं झापावं. पण ती ओरडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पुन्हा उभं ऱ्हाता येईल का मला?" तिने विचारलं. "गाडीत? बसून न्हाई. टेबलावर बसवतील मला डेपोत, तसं न्हाई. उभं."

शिवदासच्या तोंडात उत्तर तयार होतं. येईल, नक्की येईल. नऊ वर्षांत शेकडो जणांना तो असं म्हणाला होता आणि त्यांना बरं वाटलं होतं. ते उत्तर त्याने गिळलं. 

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "इस्पितळातले डॉक्टर बघतील. कापून शिवायची की नुसती बांधून ठेवायची, ते ठरवतील. अकरा दिवस माझ्यामुळे गेले. बारावा जायला नको."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "साडेनऊची गाडी माझ्याच डेपोची हाय."

पाय बांधायला हवा होता. बाबांनी कोनाड्यातली ती पट्टी आणून शिवदासपुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही. तो आत गेला आणि जुन्या धोतराच्या धांदोट्या आणि बांबूच्या दोन चिपा घेऊन आला. पंजा खाली झुकलेला राहील असा धरला, तुटलेली दोन टोकं जवळ यावीत म्हणून, आणि चिपा लावून बांधायला लागला. नजर पंजावर होती, पदरांवर नव्हती. कुठे पदर दुमडला, कुठे गाठ मोठी झाली. वीण तर नव्हतीच. नवशिक्याने बांधावं तसं ते बांधलं गेलं होतं. पंजा मात्र हवा तसा राहिला. दोनदा त्याने विचारलं, कुठे काचतंय का? दोन्ही वेळा तिने नीट विचार करून उत्तर दिलं.

गाडीचा हॉर्न वळणावर वाजला.

शिवदास आणि फाटकाशी बसलेल्यांतला एक, दोघांनी तिला मठातल्या खुर्चीत बसवून उचललं. ड्रायव्हरने तिला पाहिलं आणि गाडी अगदी फाटकाला लावली. आतून कुणीतरी हात दिला. वर चढवताना अलका त्या पायरीकडे बघत होती, अनोळखी वस्तूकडे बघावं तशी. गाडीत कंडक्टरच्या जागेवर दुसरा माणूस होता. तो तिला बघून उठला आणि जागा दिली. ती नको म्हणाली, मग बसली.

शिवदासही तिच्याबरोबर निघाला होता. कुणी सांगितलं नव्हतं. तिथे डॉक्टर विचारतील, अकरा दिवस काय करत होता? ते तिला सांगायला लागू नये. एक पाय त्याने पायरीवर ठेवला. टाच उचलली गेली, अंग वर गेलं. कधी लक्षात न आलेली गोष्ट. तो तिथेच थांबला.

मग उतरला, आणि फाटकातून आत पळत आला.

बाबा ओट्यावर बसले होते. मांडीवर ती पट्टी. तिचा एक पदर सुटून खाली लोंबत होता.

"बाबा." त्याला धाप लागली होती. हे विचारणं तो सकाळपासून टाळत होता; सकाळपासून म्हणजे त्या खळग्यात बोट बुडाल्यापासून. "त्या गुरुवारी तुम्ही इथेच होता. इथे, माझ्यापासून चार हातांवर. धोंड्याचं तिचं बोलणं तुम्हीही ऐकलंत. तुम्हाला तर माहीत होतं धोंड्याचा अर्थ काय ते."

बाबांनी होकाराची मान हलवली.

"मग का नाही बोललात?"

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. एकदा, मग पुन्हा. बाबा पट्टीकडे बघत राहिले. सुटलेला पदर त्यांनी बोटांनी वर घेतला, गुंडाळायला लागले, आणि मधेच थांबले. 

…

"मी तुझे हात बघत होतो, शिवा," ते म्हणाले. "फार सुरेख बांधत होतास."